बोरूभाऊ मी नव्हे

१ जानेवारी १९३८, शनिवार. मुरबाड.
आजपासून वाचन. आठवड्याला एक पुस्तक, म्हणजे वर्षाला बावन्न. प्रत्येकावर या वहीत अभिप्राय. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या दस्तांच्या नकला करायच्या, निदान घरी तरी स्वतःचं मत असावं. मतं माझ्याकडे भरपूर आहेत. पुस्तकं नव्हती, ती आता वाचनालयात मिळतात. सरस्वतीला सांगितलं, संध्याकाळी मला हाक मारायची नाही. ती म्हणाली, आजवर मारली तेव्हा तरी कुठं ओ दिलीत.

३ जानेवारी, सोमवार.
पुस्तक पहिलं, निसर्गोपचाराचं. लेखक म्हणतो, सकाळी उठून गार पाणी प्या आणि राग सोडा. पाणी प्यालो. नवव्या पानावर थांबलो. ज्या माणसाला राग येत नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? अभिप्राय: फिकं.

७ जानेवारी, शुक्रवार.
पुस्तक दुसरं, डिटेक्टिव्ह कादंबरी. शेवटचं पान आधी वाचलं, त्यात टाइम वाचतो. खुनी दिवाणजी. त्यानंतर मधलं वाचायला काही कारण उरलं नाही. अभिप्राय: रहस्य फार लवकर फुटतं. लेखकाला तसं कळवणार आहे.

११ जानेवारी, मंगळवार.
वाचनालयाची किल्ली नथू घुडेकडे असते. खाली त्याचं चहाचं दुकान, वर आमचं वाङ्मय. आज त्याने एक नवी कादंबरी पुढे सरकवली. म्हणाला, "महादूभाऊ, ही न्या. आपल्याच भागातल्या मानसानं लिवलीय."

नाव: 'आडवाटेचं बिऱ्हाड'. लेखक: दामोदर हरणे.

दामू हरणे. किन्हवलीच्या शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. बाप आमच्या गावात जंगलखात्याचा कारकून. दामू माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा (की मी त्याच्या, हे आता नक्की सांगता येत नाही). पुढे कल्याणला काकाकडे गेला. वीस वर्षांत एक पोस्टकार्ड नाही. आणि आता एकदम लेखक. कागद किती सोसतो.

१२ जानेवारी, बुधवार. संध्याकाळ.
पान ४१. रागात लिहितोय, तरी अक्षर चांगलंच येतंय.

या पानावर एक कारकून येतो. गावातले लोक त्याला बोरूभाऊ म्हणतात. कोटाला घड्याळाची साखळी, साखळीला घड्याळ नाही. उन्हाळ्यातसुद्धा काखेत छत्री. लिहिताना जिभेचं टोक बाहेर. आणि दर वाक्याआधी म्हणतो, "मूळ मुद्दा असा".

मी कारकून आहे. माझ्या कोटाला साखळी आहे. (घड्याळही आहे. ते ट्रंकेत आहे, कारण बंद आहे.) छत्री आहे. जिभेचं सरस्वतीला विचारलं. ती म्हणाली, येते थोडी. आणि मूळ मुद्दा असा, की हे वाक्य मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांत फक्त मी वापरतो.

तो मी आहे. दामूने मला पुस्तकात घातलं आहे, लोकांनी हसावं म्हणून.

याचा सूड घेणार.

१३ जानेवारी, गुरुवार.
बोरूभाऊ येतो तेवढीच पानं वाचली. ६३ पर्यंत. एका ठिकाणी तो साहेबापुढे शिंकतो आणि साहेबाचीच माफी मागतो. पुढे वाचायचं नाही असं ठरवलं. आपला अपमान आपण स्वतः पानं उलटून का घ्यायचा?

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
तिळगूळ देताना नथूला स्पष्ट विचारलं, हा बोरूभाऊ कोण ते ओळखलंस का? तो म्हणाला, नाय बा. मी साखळी दाखवली. छत्री दाखवली. मूळ मुद्दा असा म्हणून एक वाक्य म्हणून दाखवलं. नथूने वाकून साखळीचं टोक तपासलं. मग हातातला चहा सांडेपर्यंत हसला. म्हणाला, "आयला, खरंच की."

निदान एक साक्षीदार झाला. उपयोगी पडेल.

नंतर म्हणाला, "पुढं वाचलंत का? मरतो तो बिचारा."

म्हणजे मला ठार मारलं आहे. कोणत्या पानावर, ते मी विचारलं नाही.

१६ जानेवारी, रविवार. म्हसा.
जत्रेला गेलो होतो. बैलबाजारात मागून हाक आली, "बोरूभाऊ, जोडी बघता काय?" वळलो, तीच चूक झाली. मग त्या माणसाला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं, की हे मला उद्देशून लिहिलेलं आहे पण मी तसा नाही. त्याच्या शेजाऱ्यालाही सांगितलं. मिठाईवाल्याला, पाळणेवाल्याला, टोकावड्याहून आलेल्या दोन पाटलांना सांगितलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांचाही गैरसमज दूर केला. एकूण चाळीसेक माणसं.

परत येताना गाडीत सगळेच मला बोरूभाऊ म्हणत होते. दामूचं विष किती लांब पसरलं आहे ते आज कळलं.

२० जानेवारी, गुरुवार.
सूड सुरू. ठाण्याच्या एका साप्ताहिकाला परीक्षण पाठवलं. अकरा पानं, स्वच्छ अक्षर. मूळ मुद्दा असा मांडला आहे, की ही कादंबरी नसून चोरी आहे, आणि चोरलेली वस्तू म्हणजे एक प्रतिष्ठित गृहस्थ. शेवटचा परिच्छेद जबर झाला आहे: 'हे पुस्तक एकदा हाती घेतल्यावर खाली ठेववत नाही, ते फेकावेसे वाटते. वाचून डोळ्यांत पाणी आले, ते संतापाचे.' दामूला हे वाचून दोन दिवस भाकरी गोड लागणार नाही.

६ फेब्रुवारी, रविवार.
परीक्षण आलं. तीन ओळी.

'मुरबाडचे रसिक वाचक श्री. म. ध. विशे कळवितात की, हे पुस्तक एकदा हाती घेतल्यावर खाली ठेववत नाही. वाचून डोळ्यांत पाणी आले.'

संपादक माझ्या यादीत दुसऱ्या नंबरवर.

९ फेब्रुवारी, बुधवार.
वाचनालयात पुस्तकासाठी तेरा जणांनी नावं नोंदवली आहेत. पूर्वी एकही नव्हतं. नथूने चहा पाजला आणि वर म्हणाला, "तुमच्या लिवन्यात ताकद हाय." हे मात्र खरं आहे. चुकीच्या दिशेला गेली, पण ताकद आहे.

पुस्तक मी परत केलेलं नाही. जप्त केलं आहे.

१३ फेब्रुवारी, रविवार.
नवा विचार. कादंबरीला उत्तर कादंबरीने. आज सकाळी आरंभ केला. नायक: एक रुबाबदार, मितभाषी कारकून. खलनायक: गामू तरणे. (नाव कायद्याच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित आहे.) चार पानं झाली. त्यातली साडेतीन नायकाच्या वर्णनात गेली, पण ती आवश्यक होती. पाचव्या पानावर नायक गामूला माळशेजच्या कड्यावरून ढकलणार. मात्र त्याआधी गामूने नायकाचं काहीतरी भयंकर वाईट केलेलं असलं पाहिजे. तेच सुचेना. दुपारभर बसलो. गामू सारखा चांगलाच वागायला लागला. एका जागी तर त्याने नायकाला बोरं आणून दिली.

लेखन तूर्त थांबवलं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार.
कचेरीतून आलो तर सरस्वती जप्त केलेलं पुस्तक घेऊन चुलीपुढे बसलेली. तिसरी इयत्ता शिकली आहे ती, अक्षर अक्षर लावत वाचते. डोळे लाल. मला भरून आलं. नवऱ्याच्या अपमानाने बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं, ही आपल्याकडची रीत अजून शिल्लक आहे. मी म्हणालो, रडू नकोस, मी त्याला सोडणार नाही.

तिने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "अकरावा भाग वाचलात तुमी?"

मी म्हणालो, वाचला.

"सगळा?"

सगळा.

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आनि तरी तुमी असं बोलता." भात करपला होता, तो उतरवायला उठली. तिचं म्हणणं मला नीट कळलं नाही. बहुधा मी अजून कडक बोलायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार.
वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं: लेखकाला बोलावून सत्कार करायचा. पुस्तक मुरबाडात इतकं गाजतंय तर लेखक दिसला पाहिजे. आभाराचं भाषण कोण करणार, यावर सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव घेतलं. नथू म्हणाला, "तुमीच तर त्यांना गाजवलं."

मी आढेवेढे घेतले नाहीत. आयता सापडतो आहे. भर सभेत, हार गळ्यात असताना.

२७ फेब्रुवारी, रविवार.
सात प्रश्न काढले आहेत. पहिला: बोरूभाऊ कोण? दुसरा: त्याची परवानगी घेतली होती काय? तिसरा शिंकेबद्दल. सातवा प्रश्न असा आहे, की त्याच्यानंतर माणूस उठून उभा राहू शकत नाही. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिले. चौथ्या वेळी आरशातला माणूस स्वतःच घाबरलेला दिसला, यावरून परिणामाची कल्पना यावी.

सरस्वती म्हणाली, भाषनात दुसरं काय बी म्हना, पन त्यांना आधी घरी जेवायला बोलवा. मी म्हणालो, शत्रूला? पण संध्याकाळी बिरड्याचे वाल आणि तांदळाच्या भाकरीचं पीठ बाजूला काढून ठेवलेलं मी पाहिलं.

६ मार्च, रविवार.
सत्कार झाला. जसं झालं तसं लिहितो.

दामू साडेचारच्या सर्व्हिस मोटारने कल्याणहून आला. बारीक झालाय. चष्मा लागलाय. केस मागे गेलेत. मोटारीतून उतरल्यावर हार घेऊन उभ्या असलेल्यांना सोडून तो माझ्याकडेच बघायला लागला. म्हणाला, "महादू का रे?"

मी म्हणालो, म. ध. विशे.

हार, गुलाल, पेढे झाले. तो थोडकंच बोलला. किन्हवलीबद्दल, जंगलाबद्दल. आवाज हलका होता, मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल. मग माझी पाळी आली. वहीतला कागद काढला. उभा राहिलो आणि म्हणालो, "मूळ मुद्दा असा..."

सगळी सभा हसली. मागच्या बाजूने कोणीतरी "बोरूभाऊ" म्हणालं. मी थांबलो नाही. दामूकडे बोट करून पहिला प्रश्न विचारला: बोरूभाऊ कोण?

दामू हसत नव्हता. सभेत तो एकटाच हसत नव्हता. तो उठला, चष्मा काढला आणि म्हणाला:

"बोरूभाऊ म्हणजे आमचे वडील. घड्याळ त्यांना घ्यायचंच राहिलं, साखळी तेवढी होती. 'मूळ मुद्दा असा' हे त्यांचंच. शाळा सुटली की महादू आणि मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायचो. महादू त्यांच्यासारखं बोलून दाखवायचा, इतकं हुबेहूब की वडील स्वतः हसायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आज त्यांचा आवाज ऐकला."

माझ्या हातात अजून सहा प्रश्न होते. ते कशाचे होते ते मला कागदाकडे बघूनही वाचता येईना. मी म्हणालो, मी सर्वांचे आभार मानतो, आणि खाली बसलो. टाळ्या बऱ्याच झाल्या. त्यांतल्या काही माझ्यासाठी असाव्यात.

घरी जेवायला आला. सरस्वतीने त्याला तीनदा वाढलं. मला एकदा. जेवताना त्याने विचारलं, "आईंना वाचून दाखवलंस?"

माझी आई किन्हवलीला असते, थोरल्या भावाकडे. तिला काय वाचून दाखवायचं ते मला कळेना. पण सरस्वती बघत होती. मी म्हणालो, हो. दोनदा.

दामूचा घास हातातच राहिला. "काय म्हणाल्या?"

आवडलं म्हणाली.

त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ नुसता भात कालवत बसला. जाताना पिशवीतून एक कोरी प्रत काढून दिली. पहिल्या पानावर शाईने लिहिलंय: 'आईस. दामू.' म्हणाला, "ही त्यांच्याजवळ असू दे. वाचता येत नसलं तरी."

मोटार सुटल्यावर सरस्वती एवढंच म्हणाली, "रविवारी किनवलीला जा. आनि जाताना वाचू नका. त्यांच्याम्होरंच वाचा."

८ मार्च, मंगळवार.
बोरूभाऊ मी नाही हे आता सिद्ध झालं आहे. मी प्रथमपासून हेच सांगत होतो. पण लोक हट्टी असतात. आज कचेरीच्या पायरीवर पुन्हा हाक आली. मी ओ दिली. रोज किती जणांना समजावणार.

तरी एक प्रश्न उरतो. बोरूभाऊ मी नाही, तर मग मी पुस्तकात कोण आहे? त्याच्याबरोबर एका बाकावर बसलेला मुलगा. गावातला सगळ्यांत हुशार. कुठेतरी असणारच. बहुधा अकराव्या भागात. म्हणूनच बायकोचे डोळे भरले. संपादकाचं नाव यादीतून खोडलं. दामूचंही खोडायच्या बेतात आहे.

१३ मार्च, रविवार. किन्हवली.
सकाळच्या खटाऱ्याने आलो. आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. वाळूदादा रानात, लहानीवहिनी पाण्याला. म्हटलं, आई, दामू हरणे आठवतो का, त्याने पुस्तक लिहिलंय. आई म्हणाली, "कारकुनाचा दामू. त्याला इसरंन काय."

अकरावा भाग काढला. मोठ्याने वाचायला लागलो.

मानमोडीची साथ आलेली असते. बोरूभाऊ जातो, दुसऱ्या दिवशी त्याची बायको जाते. घरात मुलगा एकटाच, तापात. दाराशी कोणी फिरकत नाही. लोक लांबून बघतात आणि रस्ता बदलतात. तिसऱ्या दिवशी गावातली एक बाई, शेतात राबणारी, डोक्यावर पदर बांधून सरळ आत येते आणि मुलाला खांद्यावर टाकून आपल्या घरी नेते. चुलीजवळ निजवते. अंगावर एक गोधडी घालते. महिनाभर त्याला पेज पाजते. मुलगा तापात तिला आई म्हणतो, आणि ती ओ देते.

पान उलटताना वर पाहिलं. आईचे हात थांबले होते.

"लाल चोळीचा तुकडा व्हता त्या गोधडीला," ती म्हणाली. "हाय का लिवलेला?"

होता. पान ११८. लाल तुकडा होता, कोपऱ्यातली उसवलेली शिवण होती. त्या घरातली चूल होती, दोन कोंबड्या होत्या, सारवलेली भिंत होती. भाग शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा मागची पानं चाळली. त्या घरात त्या बाईला मुलगा नाही. थोरला नाही, धाकटा नाही. कोणीच नाही.

म्हणालो, आई, मी कुठे होतो तेव्हा?

तिने पुन्हा शेंग उचलली. "दारातच व्हतास की. आडवा पडलास उंबऱ्यावर. म्हनत व्हतास, ह्याला आत घेऊ नको, आमी पन मरू. तुला वलांडूनच त्याला न्यावा लागला."

"मग?"

"मग काय. गोधडी तुझी. सोडंनास. बोटं एकेक करून सोडवली मी तुझी. तो बघत व्हता बिचारा, ताप येवढा, पन डोळं उघडं. तू रागानं टोकावड्याला मामाकडं गेलास, तो गेल्यावरच आलास." तिने शेंगेतले दाणे सुपात टाकले. "बारका व्हतास. भ्यालास."

मी म्हणालो, मग दामूने हे का नाही लिहिलं?

आई पुस्तकाकडे बघत होती. हात पुसून तिने ते मांडीवर घेतलं, उघडलं नाही, नुसता वरून हात फिरवला.

"चांगला पोर हाय रे तो," ती म्हणाली.

१४ मार्च, सोमवार. मुरबाड.
पुस्तक आईपाशी ठेवून आलो. वाचनालयाचं नथूला परत केलं. आता तेरा जण वाचतील.

अभिप्राय: पूर्ण वाचलं. बोरूभाऊ मी नव्हे. बाकीच्यांतही मी कोणी नाही.

संध्याकाळी दामूला पत्र लिहायला घेतलं. मूळ मुद्दा असा, की दुसऱ्या आवृत्तीत पान ११८ वर एक छोटी दुरुस्ती व्हावी. ती गोधडी कोणाची होती, एवढंच. बाकी काही नको. चार ओळी झाल्या, अक्षर चांगलं आलं.

मग लक्षात आलं की कोणाची ते छापलं, तर कशी मिळाली तेही छापावं लागेल.

पत्र फाडलं.